सेट फोडता येत नाही

परत आल्यापासून आळीतला प्रत्येक जण मला एकच विचारतो. नगर जिल्ह्यात गेला होतात, म्हणजे शिर्डी झाली असेल? शनीचं दर्शन घेतलंत का? दोन्ही झालं नाही म्हटलं की समोरच्याला माझ्या तिकिटाच्या पैशांची कीव येते. मग इतके दिवस तिथे पाहिलंत काय? मी सांगतो, कपाट पाहिलं. लोक हसतात. मी हसण्यासाठी सांगत नाही. लोखंडी कपाट, काचेची दारं, पितळी कुलूप आणि आत सुतळीने बांधलेली नवी पुस्तकं. ज्यांच्यासाठी ती छापली ते काचेबाहेर उभे. यापेक्षा मोठं स्थळ मला त्या जिल्ह्यात दिसलं नाही, आणि ते डोक्यातून जात नाही म्हणून हे लिहितो आहे.

मी चिपळुणात एका संस्थेत हिशेब लिहितो. धाकटी बहीण पुष्पा नगर जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला दिली आहे. ती अंगणवाडी चालवते आणि घरी बसून बी.ए. करते. मुक्त शिक्षण म्हणतात ते. कॉलेजात जायचं नाही, पुस्तकं केंद्रावरून मिळतात, त्यांची किंमत फीमध्येच घेतलेली असते. परीक्षा मे महिन्यात. मार्च उजाडला तरी तिला एकही पुस्तक मिळालं नव्हतं. तिने मला लिहिलं, तिकडे दुकानात मिळाली तर घेऊन ये. मी चिपळूण पालथं घातलं. ही पुस्तकं दुकानात येतच नाहीत. मग रजा टाकली आणि रिकाम्या हातानेच निघालो.

श्रीरामपूर

प्रवासाचं काही लिहीत नाही. पाठ धरली, एवढं पुरे. पण राहुरी मागे पडल्यावर खिडकीतून नजर हलेना. आमच्या कोकणात जमीन उभी असते, चढायची नाहीतर उतरायची. इथे ती आडवी पडलेली, काळी, आणि तिच्यावर दिसेल तिथवर ऊस. आभाळ एवढं मोठं की डोंगराची सवय असलेल्या माणसाला उघड्यावर आल्यासारखं वाटावं.

स्टँडवर पुष्पाचा नवरा मधुकर घ्यायला आला होता. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भावोजी म्हणतात. मी तशी हाक मारली तेव्हा शेजारचा पानवाला हसला. इथे दाजी म्हणतात. मधुकर साखर कारखान्यात कामाला आहे आणि गळीत हंगाम चालू असल्याने त्याच्या कपड्यांना, केसांना, सायकललाही मळीचा वास होता.

"दादा, रस घेनार का चा?"

"चहा चालेल."

"दोन्ही घ्या. श्रीरामपूर हाय हे. इथं न्हाई म्हटलं की मानूस आजारी हाय असं समजत्यात."

दोन्ही घेतलं. माझ्या हातातली पिशवी त्याने उचलून पाहिली. ओले काजू, कोकमं आणि सुके बोंबील.

"म्हंजी पुस्तकं न्हाई मिळाली," तो म्हणाला. "पुष्पीला लगेच सांगू नका. आधी जेवून घ्या."

बेलापूर

सांगावं लागलंच नाही. पिशवी खाली ठेवल्याच्या आवाजावरूनच तिला कळलं असावं. ती बाजरीची भाकरी थापत राहिली. पिठलं होतं, कांदा होता, आणि ठेचा. ठेचा हा प्रकार आमच्याकडे जिभेला लावण्याइतका घेतात, इथे तो भाजीसारखा वाढतात. मी नवखेपणाने भाकरीचा मोठा तुकडा त्यात बुडवला आणि मग उचकीने बेजार झालो. पुष्पाने गूळ दिला, मधुकरने पाणी दिलं आणि दोघं पोटभर हसले. त्या घरात त्या दिवसातलं ते पहिलं हसणं असावं.

जेवण झाल्यावर तिने सगळं नीट सांगितलं. अंगणवाडी सेविकांमधून वरच्या पदावर, म्हणजे पर्यवेक्षिका म्हणून घेणार आहेत. पदवी हवी. वयाची अटही आहे, आणि पुढच्या वर्षी पुष्पा त्या अटीबाहेर जाते. म्हणजे यंदा शेवटचं वर्ष पास झालं पाहिजे, नापास झाल्यावर पुन्हा बसायला जागा नाही.

"पाच वेळा केंद्रावर गेले, दादा. दर वेळी अंगणवाडी लवकर उरकून. दर वेळी तेच. सहावं पुस्तक आलं नाही."

"आणि पहिली पाच?"

"ती आलीत. दिवाळीपासून आलीत."

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. पुन्हा विचारलं. पाच पुस्तकं दिवाळीपासून केंद्रावर आहेत. सहावं छापून आलेलं नाही. सहा मिळून एक सेट होतो. आणि सेट फोडता येत नाही.

"मग तू अभ्यास कशावर करतेस?"

तिने फळीवरून एक बाजारी गाईड काढलं. ते दुसऱ्याच विद्यापीठाचं होतं. निम्मे धडे तिच्या अभ्यासक्रमातच नव्हते. ते तिने पेन्सिलीने काळजीपूर्वक खोडले होते, आणि अभ्यासक्रमातले जे गाईडात नव्हते त्यांची नावं समासात लिहून ठेवली होती. नुसती नावंच.

रविवारी केंद्रावर

कॉलेजचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. कुणाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय असं केंद्र एकच असतं तर मी कागद खर्ची घातलाच नसता.

इमारत चांगली होती. मैदान होतं, अशोकाची झाडं होती, आणि एका इमारतीवर ग्रंथालय अशी पाटी होती. तिथून केंद्राकडे जाताना मी खिडकीतून आत पाहिलं. पंखे चालू, टेबलं रिकामी. तिथे आपल्याला बसता येतं का, असं मी पुष्पाला विचारलं. नाही, ते रेग्युलर विद्यार्थ्यांसाठी. आज रविवार, रेग्युलर विद्यार्थी घरी. पण बसता येत नाही.

केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथेच ते कपाट होतं. दाराला काच असल्यामुळे पुस्तकांची नावंही वाचता येत होती. मी ती वाचली. पाच नावं, प्रत्येकाचे गठ्ठे, सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नाही. तिसऱ्या वर्षाला त्या केंद्रावर चाळीस जण आहेत. चाळीस पंचे दोनशे. दोनशे पुस्तकं आणि वाचणारे शून्य. माझ्या आयुष्यात मी बरेच तोट्याचे ताळेबंद पाहिलेत, असा पाहिला नव्हता.

केंद्राचे सर सौम्य गृहस्थ निघाले. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. ते रागीट असते तर बरं झालं असतं.

"सर, पाच द्या. पाचचीच सही घ्या," मी म्हणालो. "सहावं आलं की सहाव्याची घ्या."

"तसा रकाना नाही ना. रजिस्टर बघा तुम्ही. संच मिळाला, सही. एवढंच आहे."

"शेजारी शेरा मारता येतो. मी हिशेबातलाच माणूस आहे. कमी माल आला तर तसं लिहून घेतात, माल परत गोदामात टाकत नाहीत."

"तुमच्याकडे तसं चालत असेल. इथे ऑडिटला मी उत्तर देतो. गेल्या वर्षी एका पुस्तकाचा मेळ लागला नाही तर माझ्या मानधनातून कापलं त्यांनी. एका पुस्तकाचं! या दोनशेंचं काय करतील?"

दाराजवळ आणखी काही विद्यार्थी उभे होते. त्यांत खाकी गणवेशातला एक एसटीचा कंडक्टर होता. ड्यूटीवरूनच आलेला, खांद्याला चामडी पिशवी. तो म्हणाला, "सर, ताटात मीठ न्हाई म्हनून जेवनच वाढायचं न्हाई का?"

"रंगनाथ, तू गप बस. तुझ्या गाडीत तिकिटं संपली तर तू फुकट नेतोस का?"

"न्हाई नेत. पन गाडी डेपोत बी ठेवत न्हाई सर."

खोलीत हशा पिकला. सरही हसले, आणि हसता हसताच त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, घट्ट आहे ना म्हणून. ती त्यांची सवय असणार. पण मला ते सहन झालं नाही. मी काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, पैसे घेतलेत, माल आलाय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि तुम्ही माल वाळवी खाईपर्यंत राखताय. वाण्याने असं केलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं.

"तुम्ही कोकणातले," सर शांतपणे म्हणाले. "तुम्हाला इथलं माहीत नाही."

खोटं आहे ते. आमच्या शाळेतही असं कपाट आहे. प्रयोगाचं सामान नवं राहावं म्हणून मुलांना कधी दाखवलं जात नाही. हे कपाट या राज्यातल्या प्रत्येक गावात आहे, फक्त आत काय कोंडलंय ते बदलतं. मी चहा न पिता उठलो. पुष्पाने मात्र तिचा आणि माझा, दोन्ही कप संपवले. तिला तिथे परत यायचं होतं.

बाहेर रंगनाथने आम्हाला गाठलं. "ताई, पुस्तकं पायजे असतील तर उद्या माझ्या नेवाशाच्या गाडीत बसा. एक जागा दावतो. एकच सेट हाय, पन सगळे वाचत्यात."

"एकच सेट सगळे कसे वाचतात?"

"बघा की येऊन."

नेवासा

पुष्पाने अंगणवाडी मदतनिसावर सोपवली आणि आम्ही निघालो. वाटेत उसाची एक ट्रॉली कलंडली होती. रस्ता बंद. आमच्याकडे घाटात अशी गाडी अडकली की प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देतात. इथे सगळे खाली उतरले, ट्रॅक्टरवाल्याला ऊस उचलू लागले आणि प्रत्येकाने आपापली मजुरी म्हणून एकेक कांडं सोलायला घेतलं. रंगनाथ तिकिटांचा हिशेब लावत ऊस खात होता. पुष्पाने तेवढ्यात त्याला चार प्रश्न विचारून घेतले, त्याचा अभ्यास कुठवर आलाय, कोणता विषय जड जातो.

प्रवरेचं पात्र उन्हाळ्याने आक्रसलं होतं, तरी पाणी होतं. नेवाशाचा तो खांब पाहिला. सातशे वर्षांपूर्वी एक तरुण त्याला टेकून बसला आणि मूठभर लोकांच्या भाषेत कोंडलेलं ज्ञान त्याने सगळ्यांना कळेल असं सांगितलं, असं इथे मानतात. खांबाला हार होता, उदबत्ती होती, लोक डोकं टेकवत होते. मी टेकवलं नाही. त्याच जिल्ह्यात त्याच कामासाठी छापलेली पुस्तकं कुलपात असताना खांबाला हार घालणं मला जमेना. पुष्पा म्हणाली, "दादा, खांबावर कशाला चिडतोस?"

गावाबाहेर वस्तीवर एक विहार आहे. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेलं स्वच्छ अंगण, आत बुद्धाची छोटी मूर्ती. आम्ही जयभीम केला. तिथे कमलताई भेटल्या. आरोग्य उपकेंद्रात नर्स आहेत, पन्नाशीच्या आसपास, केस पांढरे झालेले. काही वर्षांपूर्वी त्या याच पद्धतीने बी.ए. झाल्या. त्यांचा तो सेट.

मी सेट पाहायला मागितला. त्यांनी एका ट्रंकेतून जे काढलं ते पाहून मी हबकलो. पुस्तक नव्हतंच. वीस-पंचवीस पानांच्या सुट्या वह्यांसारखे भाग होते, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर आणि कडेला जाड दोऱ्याचे टाके. मी पुस्तकाचं पान कधी दुमडत नाही. शाळेपासूनच्या माझ्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आहे.

"पुस्तक फाडलंत तुम्ही?"

"फाडू कशाला? उसवलं," कमलताई म्हणाल्या. "गोधडी उसवत न्हाई का आपन? धडुतं शाबूत ऱ्हात्यात. आख्खं पुस्तक एकाकडं दिलं तर एक वाचतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत्यात. म्हनून एकेक घटक सुटा केला. आठवडाभर एकाकडं. बाजाराच्या दिवशी पुढच्याकडं. परीक्षा झाली की नगरची शैला सगळं परत शिवून देती, पुढच्या वर्षी परत उसवायचं."

"आणि एखाद्याने दिलंच नाही परत?"

"तुमी हिशेबात हाय का हो?" त्यांनी विचारलं. पुष्पा तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मग त्यांनी नियम सांगितला. एकच आहे. घटक पुढच्याला देताना तो सांगून द्यायचा. नुसता हातात कोंबायचा नाही. बाजारात, स्टँडवर, गाडीच्या पायरीवर, कुठेही असो, जे वाचलं ते पुढच्याला तोंडी सांगायचं आणि मग कागद द्यायचा. न वाचता कुणी ठेवून घेतला तर देताना त्याची फजिती होते, म्हणून सगळे वाचतात. "परत न दिल्यापेक्षा मानसाला न वाचल्याची लाज जास्ती वाटती," त्या म्हणाल्या. "आन् सांगता सांगता आपल्यालाच कळतं, कुठं कळलं न्हाई ते."

लांबच्या लोकांसाठी रंगनाथ. त्याच्या चामडी पिशवीत तिकिटांच्या शेजारी नेहमी एखादा घटक असतो. जिथे दोघांना भेटता येत नाही तिथे तो आधी स्वतः ऐकून घेतो आणि पुढच्या गावात सांगतो.

पुष्पाने तिथल्या तिथे मांडी घातली आणि वाचायला घेतलं. पण थोड्याच वेळात अडचण कळली. सहापैकी चार पुस्तकं जुनीच चालू आहेत, ती ट्रंकेत होती. दोन यंदा बदलली. बदललेल्यांपैकी एक अजून छापखान्यात. दुसरं, सार्वजनिक आयव्ययाचं, कपाटात.

"ते एक जरी कुनाच्या हाताला लागलं," कमलताई म्हणाल्या, "तरी सगळ्यांचं भागंल. आमाला चाळीस कशाला पायजेत?"

हे वाक्य मी येताना गाडीत मनात किती वेळा म्हटलं असेल. त्यांना चाळीस नको होती. एक हवं होतं.

पुन्हा केंद्रावर

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. रंगनाथने त्याच्या मार्गावरच्या लोकांना निरोप दिले होते, तेव्हा आमच्यासकट सहा-सात जण जमले. सर आम्हाला पाहून दमलेले दिसले. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला.

"एक मार्ग आहे. रजिस्टरमध्ये संच मिळाला म्हणून सही करा. पाच घेऊन जा. सहावं आलं की मी बोलावून देईन. माझ्या शब्दावर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रविवारी मीच मोठा बोललो होतो ना. आणि मी अडकलो. न मिळालेल्या वस्तूची पोच मी आजवर दिलेली नाही, कुणाला देऊ दिलेली नाही. सहाची सही झाली म्हणजे कागदावर सहावं मिळालं. ते पुढे आलंच नाही तर कुठे दाद मागायची? शिवाय माणूस तोच. जो परवा नियमासाठी पाच देत नव्हता तो आज खोट्या सहीवर पाच द्यायला तयार होता. म्हणजे नियमात काही नव्हतंच. त्याला फक्त रकाना भरलेला हवा होता.

"सही करू नका," मी म्हणालो. "खोटी सही आहे ही."

पुष्पाने मात्र पेन उचललं.

"दादा, तुझं बरोबर आहे. पण परीक्षा मला आहे."

तिने सही केली, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच ओळीत, रकान्याची रेघ ओलांडून, ठसठशीत अक्षरात लिहिलं: पाच मिळाली. सहावे मिळालेले नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर लिहून लिहून तिचं अक्षर मोठं झालंय.

"अहो! रजिस्टर खराब केलंत!" सर खरोखर घाबरले.

"खरं लिहिलंय, सर. खराब कसं होईल?"

ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली. सरांनी तिच्याकडे, माझ्याकडे, मग रजिस्टरकडे पाहिलं. खाडाखोड करावी तर तीही दिसणार. त्यांनी किल्ली लावली. दिवाळीपासून बांधलेली ती सुतळी रंगनाथने दातांनी तोडली. मग तो, मग बाकीचे, सगळ्यांनी तशीच सही आणि तशीच ओळ लिहिली.

जे त्या दिवशी आले नव्हते त्यांना मात्र मिळालं नाही. तीसहून जास्त माणसं. त्यांच्यासाठी मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, आता वरून लेखी आल्याशिवाय नाही, आज झालं तेवढं पुरे झालं. आणि कुलूप लागलं. मी त्या माणसाला दुष्ट म्हणणार नाही. त्यांना पुस्तक हरवण्याची शिक्षा ठाऊक होती. पुस्तक न वाचलं जाण्याची शिक्षा कुणालाच नाही. ज्या कुणी वर बसून हा कारभार आखला, त्याने पुस्तकं मोजायची सोय केली आणि वाचणाऱ्यांना मोजायचं विसरला. माझा खरा राग त्याच्यावर आहे, आणि त्याचं नाव मला माहीत नाही.

हे लिहीत असताना परीक्षा संपली आहे. पुष्पाचं पत्र आलं. पाच पेपर बरे गेले. सहाव्याला कमलताईंकडून जे तोंडी ऐकलं होतं त्यावर भागवलं. निकाल यायचा आहे. सहावं पुस्तकही यायचं आहे.

बेलापूर, निघण्याआधी

पुस्तकं मिळाली त्या दिवशी संध्याकाळी पुष्पाने पाचही चटईवर मांडली. छपाईच्या शाईचा वास घरभर झाला. मी दुकानातून खाकी कागद आणला होता. कव्हरं घालायला बसणार तोच ती मधुकरला म्हणाली, "ब्लेड आणा."

मला कळलं, आणि मी तिचा हात धरला. "पुष्पा, हा तुझा सेट आहे. परीक्षेला किती दिवस उरलेत? तुझं वय बसणार नाही पुढच्या वर्षी. निदान परीक्षा होईपर्यंत तरी अख्खी ठेव. मग वाट हवी तेवढी."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडली नव्हती. शांतपणे म्हणाली, "म्हणजे सेट फोडता येत नाही, असंच ना, दादा?"

रविवारपासून मी ज्या वाक्यावर दात खात होतो ते माझ्याच तोंडी आलं होतं. शब्द वेगळे, अर्थ तोच.

मधुकर ब्लेड घेऊन उभा होता. त्याला वाटलं असावं, आता भांडण होणार. म्हणाला, "आख्खा ऊस कुनी पेत न्हाई दादा. आधी मोडावा लागतो."

मी ब्लेड त्याच्याकडून घेतलं. पाठीचा कागद ओला करून सोडवायचा, मग टाका कापायचा, पान फाटता कामा नये. हात माझा स्थिर आहे. सार्वजनिक आयव्ययाचं पुस्तक मी उसवलं, आणि आणलेल्या खाकी कागदाची कव्हरं त्या सुट्या घटकांना घातली. पुष्पाने टाके घातले.

नगर स्टँड

निघताना श्रीरामपूरच्या स्टँडवर रंगनाथ भेटला. त्या दिवशी त्याची ड्यूटी उलट्या दिशेला होती. त्याने मी कव्हर घातलेला एक घटक माझ्याच हातात दिला. "नगरला गाडी बदलताय ना? स्टँडसमोरच्या दुकानात शैला हाय, शिलाई करती. तिला द्या."

"देतो."

"सांगून द्या," तो म्हणाला आणि घंटी मारून गेला.

मग काय, खिडकीबाहेरचा ऊस सोडून मी वाचायला बसलो. सार्वजनिक वस्तू म्हणजे काय, असा तो घटक होता. गाडी उसळत होती, अक्षरं नाचत होती. राहुरीला दुसऱ्यांदा वाचला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "परीक्षा हाय का?" मी म्हणालो, हो, नगरला.

शैला तिशीची, चष्मा लावलेली. समोर ब्लाउजांचा ढीग. मी घटक पुढे केला तसं तिने मशीन थांबवलं, हात पुसले, पण कागद घेतला नाही.

"सांगा," ती म्हणाली.

मी दुकानाच्या फळीवर बसून सांगितलं. भाकरी मी खाल्ली तर तुम्हाला उरत नाही, ती खाजगी वस्तू. रस्त्यावरच्या दिव्याखालून मी गेलो म्हणून तुमच्या वाटचा उजेड कमी होत नाही, ती सार्वजनिक. एकाने वापरली तरी दुसऱ्याला तेवढीच उरते, आणि दार लावून कुणाला बाहेरही ठेवता येत नाही.

"मंग पुस्तक कशात धरायचं? भाकरीत का दिव्यात?"

असं कुठे लिहिलेलं नव्हतं. "कागद धरला तर भाकरी," मी म्हणालो. "आत लिहिलंय ते धरलं तर दिवा."

"आन् कपाटात घालून कुलूप लावलं तर?"

"त्याचं उदाहरण या घटकात नाही."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, कव्हर उलटून टाके पाहिले. "कव्हर चांगलं घातलंय कुनीतरी," म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उदाहरन न्हाई, तर तुमी लिहा की."

पुण्याची गाडी लागली होती. चिपळूणला पोहोचलो, आणि तिने मागितलेलं उदाहरण लिहायला घेतलं. ते हेच.